कापसाच्या खोलीतली बाई

मंगलबाई माझ्याकडं खोली बघायला आली तेव्हा तिनं पाण्याचं विचारलं नाही, संडासचं विचारलं नाही. खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि एकदाच टाळी वाजवली. मग मान वाकडी करून ऐकत राहिली. मी दारात उभी, हाताचं पीठ पदराला पुसत. मनात म्हटलं, शाळेवर यंदा वेडी बाई आली.

"ही खोली उलटं बोलती, मावशी," ती म्हणाली.

"खोली कशाला बोलंल? बोलते मी. ऱ्हायचं तर ऱ्हा, न्हाईतर गिरणीवर बाया खोळंबल्यात."

घराच्या पुढच्या अंगाला माझी पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून मीच चालवते, त्याला तीस वर्षं झाली. आमचं गाव धारूरच्या घाटावरचं. निम्मं गाव दिवाळी झाली की ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्यात परत येतं. मंगलबाई जूनपासून देवळामागं एका पत्र्याच्या खोलीत राहत होती. ती सोडून माझ्याकडं का आली, ते मला नंतर कळलं. पत्र्याखाली आवाज घुमतो म्हणून.

स्लॅबची ती खोली माझ्या मुलानं नवी बांधली होती. गुळगुळीत भिंती, खाली फरशी. तिला नाव ठेवणारी ही पहिलीच. मला राग आला होता. तेवढ्यात तिनं मागच्या खोलीचं दार ढकललं. तिथं आम्ही कापूस भरतो. वेचणी चालू होती, छातीएवढा ढीग लागला होता. तिनं तिथं टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथंच मेली. मंगलबाईचं तोंड असं फुललं की लग्नातसुद्धा फुललं नसेल.

"मावशी, मला ही द्या."

"आन् कापूस काय डोक्यावर ठिवू?"

"कापूस ऱ्हाऊ द्या. मी कापसात बसते."

राहायला पुढची खोली आणि बसायला मागची, असं ठरलं. ठरवलं तिनंच. मी फक्त हो म्हटलं.

बाई बुटकी, काळीसावळी, आवाजानं खणखणीत. पाचवीचा वर्ग तिच्याकडं होता. स्वयंपाकात तिला गती नव्हती. भाकरी अशी जाड थापायची की माझ्या शेळीनंही विचार करून खावी. नवरा ट्रक चालवायचा, पंधरा दिवसांनी एकदा यायचा. रागीट होती, पण राग कामावर काढायची, माणसावर नाही.

त्या दिवाळीनंतर तिच्या वर्गातली अकरा पोरं आईबापाबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून कारखान्यावर गेली. दर वर्षीच जातात. परत येतात तेव्हा वाचायचं विसरलेली असतात, आणि मग एक एक शाळेतून गळतं. त्यांत कोमल नावाची पोर होती. तिचा बाप भानुदास जाण्याआधी शाळेत येऊन तोंडावर सांगून गेला. पोरीनं यंदाची परीक्षा पास केली तर पुढं बघू, नाहीतर पुढच्या सालापासून तिनं उसाच्या मोळ्या बांधायच्या. नापास पोरीला शिकवून काय करायचं, असं त्याचं म्हणणं. माणूस वाईट नव्हता. त्याचा हिशोबच तसा होता.

मंगलबाईनं त्याला एकच विचारलं, फोन कसला आहे. स्वस्तातला टचचा होता, काच तडकलेला, पण आवाज यायचा. बास, म्हणाली. रोज एक धडा ती आपल्या आवाजात मोबाइलवर भरणार आणि अकराही पोरांच्या घरच्या फोनवर धाडणार. धड्याच्या शेवटी दोन प्रश्न. पोरांनी उत्तरं बोलून परत धाडायची.

ती स्वतः शिरूर कासारकडची, तोडवाल्यांचीच लेक. आजीनं मागं ठेवून घेतली म्हणून शिकली. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासताना, आणि पुन्हा कधी त्यावर बोलली नाही.

धडा भरायला काय लागतं, असं मला वाटायचं. पुस्तक धरा, वाचा. पण पहिला धडा तिनं मला ऐकवला तेव्हा मी चाट पडले. बाईचा आवाज मागं आणि माझं घर पुढं. फ्रिजची घरघर, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, शेळीच्या गळ्यातली घंटी, आणि मीसुद्धा. मी कुणाला तरी ओरडत होते, डबा झाकून ठेव म्हणून.

मी म्हटलं, एवढं तर चालायचंच.

"न्हाई चालायचं," ती म्हणाली. "तिकडं पाचटाच्या कोपीत आधीच ट्रॅक्टर, इंजन, बैलं, शेजारच्यांची भांडणं. त्यातून वाट काढून माझा आवाज पोरांच्या कानात जायचाय. त्याच्यासंगं आपल्या गावाचा गोंधळ कशाला धाडू?"

मग ती आवाजांच्या मागं लागली. धडा भरताना फ्रिज बंद. परत चालू करायचं दोनदा विसरली आणि माझं दूध नासलं. मी बोलले. तेव्हापासून फ्रिज बंद केला की शाळेची किल्ली आत ठेवायची, म्हणजे किल्ली घ्यायला गेलं की आठवण. एकदा किल्ली घरीच राहिली आणि मुख्याध्यापक कुलूप धरून उभे. किल्ली कुठं आहे म्हणून विचारलं तर बाई म्हणाली, दह्याशेजारी.

घड्याळाचा सेल काढायची. सेल परत घालायची नाही. मी केजच्या बाजाराला निघाले, घड्याळात सव्वानऊ, रमतगमत थांब्यावर गेले, तर एसटी जाऊन तासभर झाला होता. घरी येऊन मी तिला चांगलं झोडपलं, तोंडानं. ती म्हणाली, मावशी, चुकलं, पण धडा बघा कसा आलाय. आणि तो ऐकवायला लागली. अशा माणसाशी काय भांडायचं?

फोन ती पेटीवर ठेवायची नाही, दणका बसतो म्हणून. चौघडी केलेल्या चादरीवर ठेवायची. तोंडापासून एक वीत लांब, जरा बाजूला, म्हणजे श्वासाचा फुत्कार लागत नाही. फोनच्या खालच्या तोंडाला नवऱ्याचा धुतलेला पायमोजा. चतुर्थीला उपास होता तर पोटातली गुरगुर धड्यात आली. दुसऱ्या महिन्यापासून उपासच सोडला. देवाला म्हणे नंतर बघू.

आणि गिरणी? गिरणी तर तिच्या डोक्यावरच होती. पण तिनं मला एकदाही गिरणी बंद ठेव म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी ठेवलीही नसती. तिनं भिंतीवर एक कागद लावला. दुधाची गाडी कधी येते, एसटीचा हॉर्न कधी, देवळातला भोंगा कधी, कुणाचा ट्रॅक्टर कधी परततो, सगळं लिहून काढलं. पंधरा दिवस नुसती ऐकत होती. मग म्हणाली, संध्याकाळी लाइट गेली की तुमची गिरणी बंद, पंखे बंद, टीव्ही बंद. एसटी येऊन गेलेली असते आणि जनावरं अजून रानातून यायची असतात. त्यात पंचवीस मिनिटं आपलं गाव गप असतं.

पन्नास वर्षं मी या गावात काढली. हे गाव रोज पंचवीस मिनिटं गप बसतं हे मला ठाऊक नव्हतं.

त्या सालात लाइट संध्याकाळी जायची. सगळं गाव शिव्या घालायचं आणि मंगलबाई शाळेकडून पळत यायची, चप्पल दारात एक इकडं एक तिकडं, आणि थेट कापसात. दार लावून दहा आकडे मोजेपर्यंत नुसती गप बसायची, मग वाचायला सुरुवात. बाहेर आली की केसांत कापूस, पाठीला कापूस, पिंजाऱ्याच्या घरची वाटावी अशी.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगते. ते लपवून हे चित्र पुरं होणार नाही.

धड्यात कुठूनतरी बारीक किणकिण यायची. तिनं शेळीची घंटी काढली, किणकिण तशीच. खिडकीची साखळी बांधली, तरी तशीच. आठ दिवसांनी तिला उमगलं. पान उलटताना तिच्याच बांगड्या वाजत होत्या. हे तिनं मला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नसेल.

रविवार होता, त्या दिवशी लाइट दुपारीच गेली होती. मी कापसाच्या खोलीत पोतं आणायला गेले. दार लोटलं. मंगलबाई ढिगात बसलेली. दोन्ही हात मोकळे. बांगड्या वाटीत काढून ठेवलेल्या, मंगळसूत्र खिळ्याला. कापसाच्या धुरळ्यानं डोळे लाल, नाकातून पाणी. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

माझे हात तीस वर्षं मोकळे आहेत. बाईचा मोकळा हात दिसला की मला एकच कळतं. तिचा नवरा ट्रकवर, रात्रंदिवस रस्त्यावर. बोट ओठांवर ठेवलं ते मी समजले, मावशी काही विचारू नका. मी आल्या पावली परत फिरले आणि शेजारच्या दोघींना सांगितलं. त्यांनी आणखी चौघींना. अर्ध्या तासात अंगण भरलं. कुणीतरी त्याला फोन लावला, उचलला नाही, म्हणजे खात्रीच झाली. एकीनं गळा काढला, मग सगळ्यांनी.

दार उघडून मंगलबाई बाहेर आली, हातात पुस्तक.

"कोण गेलं?"

 सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, "तुझा नवरा."

 ती उंबऱ्यावर बसली. "कधी? कुणी सांगितलं?"

"तूच तर सांगितलं. हात मोकळे करून बसलीस न्हवं?"

 मग तिनं फोनवरून नवऱ्याला लावलं. दोनदा वाजून गेलं. तिसऱ्यांदा त्यानं उचललं. सगळ्या अंगणाला त्याचा आवाज ऐकू आला. तोंडात घास होता. "जेवतोय की. काय झालं?"

त्यानंतर मला तिनं जे सुनावलं ते सगळं सांगत नाही.  शेवटी म्हणाली, माझा अख्खा धडा गेला. खरंच गेला होता. नदी उगमापासून समुद्रापर्यंत जाते आणि त्यावर सतरा बायांचा हंबरडा. ते तिनं पुसलं नाही. नवऱ्याला धाडून दिलं, बघ तुझ्यामागं किती रडायला आहेत म्हणून. तो म्हणे पुढं महिनाभर धाब्यावर ड्रायव्हर लोकांना ते ऐकवत होता.

गावात मात्र कुजबुज झाली. सवाशिणीनं रोज बांगड्या काढणं चांगलं नाही, एखाद्या दिवशी खरंच काही होईल. पाटलाच्या म्हातारीनं तिला वाटेत धरून तसं सांगितलं. मंगलबाई म्हणाली, "काकू, अर्धा तास काढते आन् पुन्हा घालते. तेवढ्यात पोरांना नीट ऐकू येतं. काय व्हायचं असंल तर ते बांगड्या बघून थांबत न्हाई." आणि काढत राहिली, शेवटपर्यंत. मी सत्तरीत आले तोवर असं बोलायची माझी हिंमत झाली नव्हती.

फेब्रुवारीत कापसाला भाव आला आणि आम्ही कापूस विकला. मंगलबाईसाठी तो घरात ठेवायला मी काही साधू नव्हे.  खोली रिकामी झाली. तिनं आत जाऊन टाळी वाजवली, आणि ती भिंतीभिंतीला आपटून परत आली.

आठ-दहा दिवस तिनं तसेच धडे भरले. मग कोमलची उत्तरं यायची बंद झाली. बाकी पोरांचीही एक येतं, एक नाही. मंगलबाई रोज फोन बघायची आणि पालथा ठेवायची. शेवटी तिनं भानुदासला लावला. मी बाजूलाच ज्वारी निवडत होते. तो म्हणाला, "काय कळत न्हाई, बाई. आडात बोलल्यावानी येतंय. पोरगी कानाला फोन लावून बसती आन् रडती. ऱ्हाऊ द्या आता. परीक्षेचंबी ऱ्हाऊ द्या. कालपासनं मोळ्या बांधायला घेतलीय तिला."

"आठ दिवस थांबा, भाऊ."

"ऊस थांबत न्हाई, बाई."

"मग चार दिवस."

तो नुसता हुंकारला आणि फोन ठेवला. मंगलबाई त्या दिवशी जेवली नाही. रिकाम्या खोलीत जाऊन बसली.

कापूस विकला त्याचं मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण ती खोली माझी होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणीवर दळायला येईल त्या प्रत्येकीला अडवलं. त्या दिवशी रडायला आला होतात ना, म्हटलं. मेलं तर कुणीच नाही. तेव्हा त्या रडण्याच्या बदल्यात एकेक गोधडी द्या, परीक्षा होईपर्यंत. एकीनं विचारलं, गोधडीनं काय होतं? मला तरी कुठं माहीत होतं? मी म्हटलं, बाईला माहीत आहे, तू आण.

संध्याकाळपर्यंत चौदा गोधड्या आल्या. जुन्या लुगड्यांच्या, कुणाच्या सासूच्या, कुणाच्या बाळंतपणाच्या, एकीला बिब्ब्याचा डाग, एकीला मुताचा वास. मंगलबाईनं दोन बाजा उभ्या केल्या, दोरी ताणली आणि चारी बाजूंनी आणि वरून गोधड्या सोडल्या. खाली दोन अंथरल्या. आत एक माणूस मांडी घालून बसेल एवढी जागा. ती आत गेली. टाळी वाजली. बाहेर मला जेमतेम ऐकू आली.

ती बाहेर आली. माझ्या हाताला धरून मला आत बसवलं. मी सांगते, माझ्या सबंध आयुष्यात एवढं गप मी कधी ऐकलं नव्हतं.

जुने आठ धडे तिनं पुन्हा भरले. चार दिवसांत आठ. मार्च लागला होता. गोधड्यांच्या आत पंखा नाही, वारा नाही, एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात बॅटरी. बाहेर यायची ती विहिरीतून काढल्यासारखी निथळत. तांब्याभर पाणी प्यायची, तोंड पुसायची आणि परत आत. सतरा जणींत एकीनंही मग बांगड्यांचं नाव काढलं नाही. उलट आपापली पोरं आणि शेरडं त्या वेळेला माझ्या अंगणापासून लांब हाकलायला लागल्या.

चौथ्या दिवशी कोमलचं उत्तर आलं. दोन ओळींचं. मागं कोयत्यांचा सपासप आवाज. पोर उसाच्या फडातूनच बोलत होती. उत्तर बरोबर होतं. मंगलबाईनं ते तीनदा ऐकलं आणि म्हणाली, हिचं ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला पायजे, बोलताना कळत न्हाई पर लिहिताना मारील.

कारखाना बंद होऊन माणसं परत आली ती परीक्षेच्या दोन दिवस आधी. अकरांतली नऊ पोरं परीक्षेला बसली. दोन बसली नाहीत, त्यांतली एक पोरगी होती, तिचं पुढं लग्न झालं. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर लोक म्हणतील म्हातारी फक्त गोडगोड सांगते. कोमल पास झाली. पहिली-बिहिली आली नाही. पास झाली, एवढंच. गोधड्या मी ज्याच्या त्याच्या घरी पोचवल्या.

पुढच्या दिवाळीनंतर ट्रॅक्टर पुन्हा गावात उभे राहिले. त्या सकाळी भानुदास माझ्या दारात आला. बरोबर कोमल आणि एक पत्र्याची पेटी. म्हणाला, पोरगी तुमच्याकडं ठेवतो, ज्वारी घालीन. मी म्हटलं ठेव. मंगलबाई आतून आली. तो घुटमळत राहिला, टोपी हातात घेऊन.

"एक इचारायचं होतं, बाई."

"बोला की, भाऊ."

"कोमल हितं ऱ्हाईल. मंग धडे तिकडं यायचे बंद व्हतील का?"

"तुमच्या कोपीत आता कुणाला पायजेत?"

"मला," तो म्हणाला. खाली बघत म्हणाला. "सांच्याला कोपीत आमी सगळेच ऐकतो. पृथ्वी फिरती हितवर आलो हाव. त्याच्या पुढं काय झालं ते ऱ्हायलंय. आन् गणित ध्यानात येत न्हाई, ते सावकाश सांगा."

मंगलबाईनं कोमलची पेटी उचलून आत ठेवली. मग म्हणाली, धाडते.

आणि धाडत राहिली. गणित सावकाश सांगत राहिली. मला तिचा अभिमान वाटतो. ती माझ्या घरात राहिली हे मी गिरणीवर येणाऱ्या नव्या सुनांना अजून सांगते, त्यांनी विचारलेलं नसलं तरी.

संक्रांतीनंतर तिच्या बदलीचा हुकूम आला, तिच्या गावाकडंच. सामान आदल्या दिवशी टेंपोनं गेलं. ती दुपारच्या जीपनं केजला जाऊन पुढं एसटी धरणार होती. मी आणि कोमल थांब्यावर गेलो. जीप खच्चून भरलेली, मागच्या बाकावर दोन बायांच्या मधे तिला जागा मिळाली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, टपावर कोंबड्यांची डाली, शेजारच्या बाईच्या मांडीवर पोर रडत होतं. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिचा फोन वाजला. फडात गाडीची वाट बघत बसलेला भानुदास होता. अपूर्णांक अडला होता.

तिनं एक कान बोटानं बंद केला आणि फोन तोंडाशी धरला. जीप हलली. मला हात करायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. घाटाच्या वळणापर्यंत तिचा खणखणीत आवाज येत होता.

"भाऊ, ते पुस्तकातलं सफरचंद ऱ्हाऊ द्या. उसाची मोळी धरा. तिचे चार सारखे वाटे केले. एक तुमी उचलला. आता सांगा, खाली किती ऱ्हायले?"